अमेरिकन फुटबॉलमध्ये सामना कोण ठरवतं: एक खेळाडू की अकरा जण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अमेरिकेत नववीत शिकतो. शाळेच्या फुटबॉल संघात त्याची निवड झाली, पण प्रशिक्षकांनी त्याला लाइनवर, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या रांगेत, गार्ड म्हणून घेतलं. त्याला चेंडू हातात हवा होता, म्हणून तो खट्टू आहे. त्यात मामाने सांगितलं की या खेळात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि संघ चालवणारा, आणि एकदोन स्टार सोडले तर बाकीचे संख्या भरायला असतात. आता वडील विचारतायत की खरोखर एकदोन खेळाडूच सामना ठरवतात का, आणि मुलाने जागा बदलून मागावी का.

मी इथल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि सोळा वर्षांपासून त्याच शाळेच्या ऑफेन्सिव्ह लाइनला शिकवतो. तुमच्या मुलासारखी पाच मुलं, दोन टॅकल, दोन गार्ड आणि मधला सेंटर, हेच माझं काम. त्यामुळे माझा ओढा त्यांच्याकडे असणार, हे धरूनच पुढचं वाचा. पण मी जे म्हणतोय ते नुसत्या मायेपोटी नाही.

माझं उत्तर असं: एक प्ले, म्हणजे काही सेकंदांचा एक डाव, एकटा माणूस बिघडवू शकतो, पण एकटा माणूस तो घडवू शकत नाही. क्रिकेटमध्ये एखाद्याने दीडशे धावा ठोकल्या तर समोरच्याने नुसती साथ दिली तरी भागतं. इथे तसं होत नाही. चेंडू स्नॅप झाला, म्हणजे सेंटरने तो मागे दिला, की पुढच्या चार-पाच सेकंदांत अकरा जणांनी अकरा वेगवेगळी कामं एकाच वेळी पार पाडायची असतात. मी सांगलीला शाळेत कबड्डी खेळायचो, उजव्या कोपऱ्यावर. साखळीत एकाचा हात सुटला की चढाई करणारा नेमका तिथूनच निसटतो, मग बाकीच्यांची पकड कितीही पक्की असो. या खेळाचा स्वभाव मला त्या साखळीवरूनच पटकन कळला.

आता सेक्वॉन बार्कलीचं उदाहरण घ्या, कारण त्यात माणूस तोच आहे आणि बदलले ते भोवतालचे लोक. बार्कली रनिंग बॅक आहे, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा. २०२३ मध्ये तो न्यूयॉर्क जायंट्सकडून खेळला आणि त्याने ९६२ यार्ड पळून काढले. दर वेळी चेंडू हातात आल्यावर सरासरी ३.९ यार्ड. त्या हंगामात जायंट्सची लाइन इतकी फुटत होती की त्यांचे क्वार्टरबॅक मिळून ८५ वेळा सॅक झाले, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच खाली पाडले गेले. मार्च २०२४ मध्ये बार्कली फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. २०२४ च्या हंगामात त्याने २,००५ यार्ड काढले, सरासरी ५.८. पाय तेच, वय एका वर्षाने वाढलेलं. फरक पडला तो पुढे उभ्या असलेल्या पाच जणांमुळे. त्यातला डावा टॅकल जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियात रग्बी खेळून आलेला. २०१८ मध्ये ईगल्सने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, सातव्या फेरीत घेतलं, तोपर्यंत तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. त्याला उभं कसं राहायचं इथपासून शिकवलं ते लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलंड यांनी. आमच्या धंद्यातल्या लोकांना त्यांच्याविषयी फार आदर आहे.

त्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्याआधी बार्कलीला एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ यार्ड हवे होते. ईगल्सचं बाद फेरीतलं स्थान ठरून गेलं होतं, म्हणून त्यांनी त्याला त्या सामन्यात बसवलं. चाळीस वर्षांचा विक्रम हाताशी आलेला असताना. मग फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटी चीफ्सने सगळा जोर बार्कलीला रोखण्यावर लावला आणि त्यांना ते जमलंही. २५ वेळा चेंडू घेऊन त्याला फक्त ५७ यार्ड मिळाले. ईगल्स तरीही ४०–२२ ने जिंकले, आणि तो गुणफलकसुद्धा चीफ्सला झुकतं माप देणारा आहे, कारण एका क्षणी ३४–० होतं.

त्या सामन्यात चीफ्सकडे पॅट्रिक महोम्स होता. तोपर्यंत तीन सुपर बोल जिंकलेला, या काळातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक. तो सहा वेळा सॅक झाला. ईगल्सने एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त माणसं क्वार्टरबॅकवर सोडली नाहीत. चौघांनीच काम केलं आणि उरलेले सात मागे राहून पास झेलणाऱ्यांवर पहारा देत राहिले. हे शक्य झालं कारण चीफ्सची डावी बाजू ढिली पडली होती. डाव्या टॅकलच्या जागेवर टिकेल असा माणूस मिळेना म्हणून डिसेंबरपासून त्यांनी जो थुनी या उत्कृष्ट गार्डला तिथे सरकवलं. तो सरकला तेव्हा त्याची गार्डची जागा राखीव खेळाडूला द्यावी लागली. एक भोक बुजवायला गेले आणि दोन पडली. महोम्सची प्रतिभा त्या रात्री कुठे गेली नव्हती, तिला उभं राहायला जागाच उरली नव्हती.

हे त्याच्या बाबतीत पहिल्यांदा झालं असंही नाही. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये त्याचे नेहमीचे दोन्ही टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर होते. टॅम्पा बे बकनीअर्सविरुद्ध चीफ्स ३१–९ ने हरले आणि त्यांना एकही टचडाउन करता आला नाही, म्हणजे चेंडू एकदाही शेवटच्या रेषेपार नेता आला नाही. महोम्स त्या सामन्यात मैदानभर मागे-पुढे पळत होता. एकदा तर खाली पडतापडता, शरीर जमिनीला समांतर असताना त्याने अचूक पास फेकला आणि तो सहकाऱ्याच्या हातून सुटला. माझ्या मुलांना मी तो पास दर वर्षी दाखवतो.

आता आमच्या खोलीत या. सामन्यानंतर शनिवारी सकाळी आम्ही फिल्म पाहतो. टीव्हीवर दिसतं ते बाजूचं चित्रण, आम्हाला लागतं ते गोलच्या मागून वरून घेतलेलं, कारण त्यात लाइनमधल्या फटी दिसतात. एक प्ले पाच वेळा पाहायचा, दर वेळी एकाच मुलावर नजर ठेवून. काम बरोबर झालं तर अधिक, चुकलं तर उणे. प्ले किती यार्डांचा झाला याच्याशी त्या खुणेचा संबंध नाही. टचडाउन झालेल्या प्लेवरही उणे मिळतं, आणि मुलांना ते पचायला वेळ लागतो.

पॉवर नावाचा एक जुना प्ले आहे, जवळपास प्रत्येक शाळा खेळते. उजवीकडे पळायचं असेल तर उजव्या बाजूचे लाइनमन समोरच्यांना आत, डावीकडे ढकलतात. सगळ्यात बाहेरच्या बचावपटूला फुलबॅक, म्हणजे रनिंग बॅकच्या पुढे अडवत धावणारा, बाहेरच्या बाजूला लोटतो. मध्ये दार उघडतं. डावा गार्ड आपली जागा सोडून लाइनच्या मागून उजवीकडे धावतो, त्या दारातून आत शिरतो आणि समोरच्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेमागे उभ्या असलेल्या खेळाडूला, आडवा जातो. रनिंग बॅक त्याच्या पाठीला चिकटून येतो. यात डाव्या गार्डचं पहिलं पाऊल उजव्या पायाचं असायला हवं, उजवीकडे आणि किंचित मागे उघडलेलं. एका हंगामात माझा गार्ड, वय सोळा, दर वेळी आधी डावा पाय जागेवर आपटायचा आणि मग निघायचा. अर्धा सेकंदही गेला नसेल. पण तेवढ्यात समोरचा लाइनबॅकर दारात येऊन उभा राहायचा आणि रनिंग बॅक त्याच्यावर जाऊन आदळायचा. सामना संपल्यावर पालक रनिंग बॅकविषयी बोलत होते, पोरगं घाबरतं म्हणून. मी गवतावर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्या गार्डकडून आठवडाभर रोज पन्नास वेळा फक्त ते पहिलं पाऊल टाकून घेतलं. पुढच्या शुक्रवारी त्याच रनिंग बॅकने त्याच प्लेवर मैदान पार केलं. पालकांनी पुन्हा त्याचंच नाव घेतलं. तो पोरगा मात्र शेवटच्या रेषेपासून उलटा पळत आला आणि गार्डच्या हेल्मेटवर आपलं हेल्मेट टेकवून उभा राहिला. त्याला माहीत होतं.

गणिताचा मास्तर आहे, तेव्हा एक साधा हिशोब मांडतो. समजा अकरापैकी प्रत्येक जण शंभरातून ९५ वेळा आपलं काम चोख करतो. मग अकराच्या अकरा जण एकाच प्लेवर चोख असण्याची शक्यता किती? ०.९५ चा अकरावा घात, म्हणजे सुमारे ५७ टक्के. आता त्यातल्या एकाला देव करा, कधीच न चुकणारा. आकडा होतो साधारण ६० टक्के. म्हणजे अख्ख्या देवाने तीन टक्क्यांची भर घातली. उलट बाकीचे दहा ९५ वर ठेवा आणि एकाला ७० वर आणा, की आकडा घसरतो ४२ टक्क्यांवर. आणि सगळ्यांना ९५ वरून ९८ वर नेलं तर ८० टक्के. प्रत्यक्षात प्रत्येक चूक प्ले मारत नाही. दूरच्या बाजूला उभ्या असलेल्या रिसीव्हरची, म्हणजे पास झेलणाऱ्याची, चूक बऱ्याचदा पचून जाते, आणि बार्कलीसारखा माणूस दोन चुका आपल्या पायांनी झाकतो. त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, कल कुठे आहे तेवढं बघा. माझा सरावाचा बहुतेक वेळ सर्वांत चांगल्या मुलाला आणखी चांगलं करण्यात जात नाही, सगळ्यात कच्च्याला सावरण्यात जातो. त्याचं कारण या हिशोबात आहे.

मामांचं म्हणणं पूर्ण खोटं मात्र नाही. क्वार्टरबॅक वेगळा आहे, कारण जवळपास प्रत्येक प्लेवर चेंडू त्याच्या हातातून जातो आणि निर्णयही तोच घेतो. इंडियानापोलिस कोल्ट्सने २०१० मध्ये पेटन मॅनिंग असताना १० सामने जिंकले आणि ६ हरले. २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेमुळे मॅनिंग अख्खा हंगाम बाहेर होता, तर तोच संघ २ जिंकला आणि १४ हरला. याच्यासमोर दुसरं उदाहरण ठेवा. २००७ मध्ये टॉम ब्रेडीच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकले. २००८ च्या पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. त्याच्या जागी आलेला मॅट कॅसल हायस्कूलनंतर एकाही सामन्यात सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून खेळला नव्हता. त्या हंगामात पेट्रियट्स ११ जिंकले, ५ हरले. बाद फेरी हुकली, पण संघ कोलमडला नाही. कोल्ट्सचं सगळं घर एका खांबावर उभं होतं, पेट्रियट्सचं नव्हतं. क्वार्टरबॅकची किंमत मोठी आहे हे दोन्हीकडे दिसतं. ती किती मोठी होऊ द्यायची, हे संघ बांधणाऱ्याच्या हातात असतं.

पैशाचा मुद्दाही इथेच येतो. डॅलस काउबॉइजने २०२४ मध्ये डॅक प्रेस्कॉट या क्वार्टरबॅकशी वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा करार केला. त्या वर्षी एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून करायच्या खर्चाची मर्यादा २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. करारातले पैसे वेगवेगळ्या वर्षांवर पसरवता येतात, पण आज ना उद्या ते बाकीच्या ५२ जणांच्या वाट्यातूनच निघतात. त्या हंगामात प्रेस्कॉट जखमी झाला आणि काउबॉइज ७ जिंकून १० हरले.

आणि क्वार्टरबॅक तरी कोणाच्या भरवशावर उभा असतो? जानेवारी २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स सुपर बोलपासून एक सामना दूर होते. समोर ईगल्स. सुरुवातीलाच हासन रेडिक नावाच्या जबरदस्त बचावपटूने ब्रॉक पर्डीच्या फेकणाऱ्या हातावर झडप घातली आणि पर्डीचं कोपर गेलं. रेडिकला अडवायला त्या प्लेवर एक टाइट एंड, म्हणजे लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा खेळाडू, एकटाच होता. नंतर राखीव क्वार्टरबॅकलाही डोक्याला मार लागला, आणि ज्याला चेंडू नीट फेकता येत नव्हता त्या पर्डीलाच परत मैदानात यावं लागलं. निकाल ३१–७. त्याच वर्षी लीगने संघांना आपत्कालीन तिसरा क्वार्टरबॅक ठेवायची मुभा दिली. एक ब्लॉक तुटला आणि नियम बदलला.

एकट्याने सामना जिंकून दिल्याचं उदाहरण म्हणून लोक हमखास माल्कम बटलरचं नाव घेतात. तो प्ले जवळून बघण्यासारखा आहे. १ फेब्रुवारी २०१५, सुपर बोल. पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. सीहॉक्सचा चेंडू टचडाउनच्या रेषेपासून एका यार्डावर, घड्याळात २६ सेकंद. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने रिकार्डो लॉकेटकडे तिरका झटपट पास फेकला आणि पेट्रियट्सच्या बटलरने लॉकेटच्या पुढे झेपावून तो पकडला. सामना तिथेच संपला. बटलर नवखा, ड्राफ्टमध्ये कोणी न घेतलेला, वेस्ट अलाबामासारख्या छोट्या कॉलेजातून आलेला. गोष्ट म्हणून याहून सुंदर काय असणार?

पण फिल्म मागे न्या. आधीच्या प्लेवर सीहॉक्सचा मार्शॉन लिंच पाच यार्डांवरून निघाला होता आणि डॉन्टा हायटावरने त्याला एका यार्डावर आडवा केला. तो हात निसटला असता तर बटलरची गोष्टच घडली नसती. आता पुढचा प्ले. सीहॉक्सची योजना अशी की जर्मेन कर्सने पुढे घुसून बटलरची वाट अडवायची आणि मागून लॉकेट मोकळा निघायचा. कर्ससमोर ब्रँडन ब्राउनर उभा होता. आधी सीहॉक्सकडून खेळलेला, त्यामुळे हा प्ले त्याच्या ओळखीचा. त्याने कर्सला जागच्या जागी छातीवर रोखून धरलं, तसूभर हलू दिलं नाही. बटलरची वाट मोकळी राहिली ती त्यामुळे. शिवाय त्याच आठवड्यात सरावात पेट्रियट्सच्या राखीव खेळाडूंनी हाच प्ले बटलरविरुद्ध चालवून त्याला चकवलं होतं आणि प्रशिक्षकांनी चूक दाखवून दिली होती. म्हणजे त्या एका झेपेत किती जण होते मोजा. बटलरचं श्रेय यातून रतीभरही कमी होत नाही, कारण शेवटी ओळखायचं आणि झेपावायचं ते त्यालाच होतं. तरी माझ्या वर्गात त्या प्लेवर मी आधी ब्राउनर दाखवतो.

हरण्याचं खापर एकावर फोडणं हे याहून वाईट, आणि शाळेत मला त्याचाच जास्त त्रास होतो. स्कॉट नॉरवूड हा बफेलो बिल्सचा किकर, म्हणजे चेंडू पायाने मारून गुण मिळवणारा. २७ जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये आठ सेकंद उरले असताना त्याची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि जायंट्स २०–१९ ने जिंकले. आजही लोक म्हणतात, नॉरवूडने सामना घालवला. साठ मिनिटांच्या त्या सामन्यात जायंट्सकडे चेंडू ४० मिनिटं ३३ सेकंद होता. ज्या बिल्सने आधीच्या सामन्यात ५१ गुण केले होते, त्यांना बाजूला बसून बघत राहावं लागलं. तिसऱ्या सत्रात जायंट्सने एकाच चढाईत ९ मिनिटं २९ सेकंद खाल्ली आणि टचडाउन केला. त्या चढाईत एकदा चेंडू आपल्याकडे ठेवायला त्यांना १३ यार्ड हवे होते, मार्क इंग्रमने छोटा पास झेलला आणि बिल्सच्या एकामागून एक खेळाडूंच्या हातांतून निसटत १४ यार्ड मिळवले. त्यातल्या एकाने जरी त्याला पाडलं असतं तरी चढाई तिथे थांबली असती. त्यांची नावं कोणाला आठवत नाहीत. बफेलोच्या लोकांना मात्र हे कळलं होतं. संघ घरी परतला तेव्हा नायगारा स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले आणि त्यांनी नॉरवूडच्या नावाचा पुकारा करून त्याला पुढे बोलावून घेतलं. तो बोलताना गहिवरला.

तुमच्या मुलाविषयी. या हंगामात त्याला गार्डच राहू द्या. जागा बदलून मागायला वर्षभराने हरकत नाही, पण नववीच्या सुरुवातीला प्रशिक्षकांनी गार्ड म्हणून निवडलंय याचा अर्थ मुलगा ऐकतो, लक्षात ठेवतो आणि त्याचे पाय चपळ आहेत. ढिला मुलगा कोणी गार्डला ठेवत नाही. मामांनाही हे सांगा. एक मात्र आधी मनाशी धरा: त्याचं नाव भोंग्यावर बहुधा फक्त चुकल्यावरच ऐकू येईल. सुपर बोलच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान आजवर एकाही ऑफेन्सिव्ह लाइनमनला मिळालेला नाही. घरात कोणीतरी त्याचं काम बघणारं हवं, नाहीतर ते एकटेपण त्या वयात जड जातं.

म्हणून त्याच्या पहिल्या सामन्याला मधल्या रांगांमध्ये बसू नका, गोलच्या टोकाला बसा. चेंडू कुठे जातोय ते विसरा. चेंडू स्नॅप झाल्यापासून दोन सेकंद फक्त त्याचा नंबर आणि त्याचे पाय बघा. घरी येताना गाडीत त्याला ‘किती गुण झाले’ विचारू नका. ‘तू उजवीकडे धावलास तेव्हा समोर कोण होता रे?’ एवढंच विचारा. घर येईपर्यंत तो बोलत राहील.